टेपरेकॉर्डरला जोडलेला संगणक

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक असलेल्या ठाण्याच्या वागळे इस्टेट परिसरातील हौशी जोडणीकाराचा बाजार लोकलच्या अंतरावर होता. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, ट्रान्झिस्टर आणि आयसी, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर घडवलेली अनेक मंडले, सुटी विकत मिळत.

घरगुती संगणक मात्र पुण्याहून आला. ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’ने 1986 मध्ये ब्रिटिश सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. 48 किलोबाइट स्मृतीच्या, म्हणजे आजच्या मोबाइलवरील एका छायाचित्रालाही न पुरणाऱ्या, या यंत्राला पडदा घरच्या टीव्हीचा आणि साठवण साध्या कॅसेटची असे. माहिती ध्वनीच्या रूपात नोंदलेली असल्यामुळे पूर्ण स्मृती भरायला सुमारे पाच मिनिटे लागत, आणि टेपरेकॉर्डरचा आवाज जुळला नाही तर सारे पुन्हा करावे लागे. गैरसोय खरीच, परंतु यंत्र सुरू होताच ‘बेसिक’ ही शिकायला सोपी आज्ञाभाषा समोर येत असल्यामुळे वापरणाऱ्याला (निदान खेळांच्या कॅसेट हाती लागेपर्यंत) स्वतः प्रोग्रॅम लिहिण्यावाचून फारसे गत्यंतर नव्हते. या संगणकाची भारतातील बाजारपेठ 1990 च्या सुमारास संपली.