लिनक्सच्या दारातही हवा पहारा

छत्रपती संभाजीनगर : उस्मानपुऱ्यातील शासकीय तंत्रनिकेतनाचा एखादा विद्यार्थी प्रकल्प अहवालाची प्रिंट काढण्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन बाहेर पडतो, तेव्हा तो पेनड्राइव्ह किती संगणकांना लागून परत येणार, हे त्यालाही ठाऊक नसते. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स असले, की ‘आपल्याला व्हायरसची भीती नाही’ असे मानून तो निर्धास्त राहतो. हा समज अर्धसत्य आहे.

समज आणि वस्तुस्थिती

युनिक्सच्या धर्तीवर उभ्या असलेल्या लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्याला प्रणालीच्या मूळ फायलींत बदल करता येत नाही. त्यासाठी ‘रूट’चे अधिकार लागतात. सॉफ्टवेअरही बहुधा अधिकृत भांडारातूनच घेतले जाते. त्यामुळे विषाणूंचा फैलाव कठीण होतो, मात्र अशक्य होत नाही. नोव्हेंबर १९८८ मधील ‘मॉरिस वर्म’ने युनिक्स संगणकांनाच ग्रासले होते. बाधित संगणकांची संख्या तेव्हा सुमारे सहा हजार असल्याचा अंदाज होता. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील ‘नयाना’ या होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर ‘एरेबस’ या खंडणीखोर प्रोग्रामने कुलूपबंद केले. कंपनीला सुमारे दहा लाख डॉलरची खंडणी मोजावी लागली.

महाराष्ट्राने ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ला पाहिला. बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी करून बनावट ‘स्विच’द्वारे व्यवहार मंजूर करण्यात आले आणि ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लंपास झाली. त्यानंतर २ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकी सरकारी यंत्रणांनी विविध देशांतील बँकांच्या एटीएम स्विचवरील हल्ल्यांबाबत इशारा जारी केला. त्यात तपासलेले बाधित सर्व्हर ‘एआयएक्स’ या युनिक्स प्रणालीवर चालणारे, तेही कंपनीने आधार देणे थांबवलेल्या जुन्या आवृत्त्यांचे होते. प्रणाली युनिक्सची असली तरी ती अद्ययावत नसेल तर निर्धोक राहत नाही, हा यातील धडा.

याखेरीज लिनक्स संगणक ‘वाहक’ही ठरू शकतो. विंडोजवरील विषाणू त्यावर सहसा चालत नाही, परंतु फायलीत दडून राहतो आणि ई-मेल, सामायिक फोल्डर किंवा पेनड्राइव्हमार्फत दुसऱ्याच्या संगणकात जातो. छोट्या कार्यालयात लिनक्स सर्व्हरवर सर्वांच्या फायली ठेवल्या जात असतील, तर हा धोका अधिक.

‘क्लॅमएव्ही’ची उभारणी

लिनक्ससाठी ‘क्लॅमएव्ही’ हे मुक्त आणि विनामूल्य अँटिव्हायरस उपलब्ध आहे. ते बसवण्यापूर्वी संगणकाची मेमरी पाहावी. विषाणूंच्या खुणांची संपूर्ण यादी हे सॉफ्टवेअर मेमरीत ठेवते, त्यामुळे किमान ३ जीबी रॅम असणे इष्ट.

उबुंटू किंवा डेबियनवर टर्मिनल उघडून प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्लॅमएव्ही क्लॅमएव्ही-डीमन’ ही आज्ञा द्यावी. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत.

पुढची पायरी विषाणूंची यादी अद्ययावत करण्याची. हे काम ‘फ्रेशक्लॅम’ करते. बहुतेक नवखे येथेच अडखळतात. उबुंटूवर ही सेवा पार्श्वभूमीत आपोआप सुरू झालेली असते. अशा वेळी ‘फ्रेशक्लॅम’ हाताने चालवल्यास लॉग फाइल अन्य प्रक्रियेने अडवल्याचा संदेश येतो. तो बिघाड नव्हे. सेवा तात्पुरती थांबवून यादी उतरवून घ्यावी व सेवा पुन्हा सुरू करावी. किंवा काही मिनिटे थांबून तिलाच काम करू द्यावे. यादी उतरल्याशिवाय मुख्य पहारेकरी, म्हणजे ‘क्लॅमडी’, सुरू होत नाही.

तपासणी कशी करावी?

तपासणीसाठी ‘क्लॅमस्कॅन’ ही आज्ञा वापरतात. तिला ‘आर’ हा पर्याय जोडला, की आतील सर्व फोल्डर तपासले जातात; ‘आय’ जोडला, की केवळ बाधित फायलींची नावे दिसतात. पेनड्राइव्ह सामान्यतः ‘मीडिया’ फोल्डरखाली दिसतो, त्याचा मार्ग आज्ञेच्या शेवटी द्यावा. ‘क्लॅमस्कॅन’ स्वतःहून काहीही पुसत नाही, फक्त कळवते. ‘रिमूव्ह’ पर्यायाने फाइल थेट नष्ट होते. चुकीचा संशय आल्यास महत्त्वाचे कागदपत्रही जाऊ शकते. म्हणून ‘मूव्ह’ पर्यायाने संशयित फाइल वेगळ्या फोल्डरात हलवणे शहाणपणाचे.

फाइल उघडताक्षणी तपासणी हवी असेल, तर ‘क्लॅमडी.कॉन्फ’ या फाइलमध्ये पहाऱ्याखाली ठेवायचा फोल्डर नोंदवून ‘क्लॅमॉनॲक’ ही सेवा सुरू करावी. त्याच फाइलमध्ये ‘क्लॅमएव्ही’ या वापरकर्त्याला तपासणीतून वगळण्यास विसरू नये. अन्यथा पहारेकरी स्वतःच्याच हालचालींवर पहारा देत बसतो. घरगुती वापरासाठी मात्र ‘क्रॉन’द्वारे रोज रात्री ‘होम’ फोल्डरची तपासणी ठरवून देणे पुरेसे.

सारे नीट बसले की नाही, हे पाहण्यासाठी ‘आयकार’ ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. ती विषाणू नाही. परंतु अँटिव्हायरसने ती पकडलीच पाहिजे.

एवढ्याने भागत नाही

कोणतेही अँटिव्हायरस प्रामुख्याने ओळखीचे चोर पकडते. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे, अनोळखी संकेतस्थळावरील आज्ञा ‘सुडो’ लावून न चालवणे आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत संगणकापासून वेगळ्या डिस्कवर ठेवणे, ही पथ्ये पाळावीच लागतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’मार्फत याविषयीची माहिती दिली जाते. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. कुलूप कितीही भक्कम असले, तरी किल्ली दारातच ठेवली तर त्याचा उपयोग नाही.