भावकी, मामा आणि हाडांची ओळख

ऑगस्ट २०१६मध्ये वाई तालुक्यातल्या धोम इथे खूनसत्राच्या तपासात जमीन उकरून पुरलेली माणसे बाहेर काढावी लागली. त्या खटल्यातल्या आरोपांचा धागा २००३पर्यंत मागे जातो. इतकी वर्षे मातीत राहिलेल्या देहाला ना चेहरा उरतो ना बोटांचे ठसे. दातांत आणि मांडीच्या हाडात तग धरून राहिलेला डीएनए तेवढा हाती लागतो. तो जिवंत नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून मृताचे नाव ठरवायचे, हे न्यायवैद्यक जनुकशास्त्राचे काम. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबईतल्या शासकीय संस्थांत न्यायसहायक विज्ञानाचे उच्च शिक्षण मिळते. त्यात यंत्र चालवणे शिकवतातच, पण या विद्येचा कस नाती वाचण्यात लागतो, आणि सातारा-सांगलीची नाती अभ्यासाशिवाय वाचता येणार नाहीत.

पाटण तालुक्यात जुलै २०२१मध्ये आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. अशा वेळी एका छपराखालची माणसे एकत्र गाडली जातात. मग तुलनेसाठी रक्त कोणाचे घ्यायचे? गावात उरलेल्या चुलत्याचे घेतले, तर वाय गुणसूत्र जुळेल. पण ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरत असल्याने त्यातून मृत पुरुष त्या भावकीतला आहे एवढेच कळेल, आणि कधीकधी अर्धे गाव एकाच भावकीचे असते. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो. तिथे चुलता निरुपयोगी, मामा मोलाचा. लग्न होऊन सासरी गेलेली लेक सर्वांत महत्त्वाची, कारण आई आणि बाप दोघांच्याही देहाशी तिचा नमुना ताडता येतो. नमुना गोळा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो दारात उभ्या असलेल्या पहिल्या पुरुषाचे रक्त घेऊन परतेल.

यावर जाणकार म्हणतील, की आता वीसहून अधिक मार्कर (डीएनएवरच्या तपासणीच्या ठरावीक जागा) एकदम तपासतात, योगायोगाने जुळण्याची शक्यता नगण्य असते, मग स्थानिक समाजरचनेचा एवढा बाऊ कशाला? ताजे रक्त आणि परस्परांशी नाते नसलेली माणसे यांच्यापुरते ते बरोबर आहे. कुजलेल्या हाडातून मात्र अनेकदा निम्मेच मार्कर वाचता येतात. शिवाय पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. अशा जोडप्याच्या मुलाला गुणसूत्राच्या एखाद्या जागी दोन्हीकडून तोच वारसा मिळण्याची शक्यता सोळात एक असते. दूरच्या लोकसंख्येचे आकडे गृहीत धरून इथला हिशेब केला, तर जुळणी आहे त्याहून दुर्मीळ भासते. म्हणून इथल्या समाजांचे आकडे वेगळे गोळा करायला हवेत.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: समाजनिहाय नमुने म्हणजे जातीची नवी नोंदवही होईल. डीएनए तंत्रज्ञान नियमनाचे विधेयक २०१९मध्ये लोकसभेत आले आणि २०२३मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे त्या नियमनाचा आधार नाही, म्हणून ही भीती रास्तच आहे. पण हिशेबाला लागते ती प्रत्येक मार्करच्या रूपांची टक्केवारी. त्यासाठी कोणाचे नाव, पत्ता किंवा आडनाव जपून ठेवण्याची गरज नाही. संमती घेऊन, ओळख पुसून हे काम करणे प्रबंधाच्या आवाक्यातले आहे.

न्यायालयेही आता नुसत्या अहवालावर समाधान मानत नाहीत. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात २०२२मध्ये आरोपींना निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने विचारले, की तज्ज्ञाने तंत्र भरवशाने वापरले का, हे खालच्या न्यायालयांनी तपासले होते का? नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेपर्यंतची साखळी नोंदवण्याचे निर्देश २०२५मध्ये आले. ती साखळी सुरू होते मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या शवागारात. म्हणून या विषयाचा विद्यार्थी शिकतानाच काही महिने तिथे, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांशेजारी उभा राहिला पाहिजे.