पाणी नितळ झाले म्हणजे निर्विष झाले काय?

औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका वस्तीच्या विहारात मागच्या हिवाळ्यात बैठक झाली. विषय होता बोअरच्या पाण्याचा. पाण्यात कारखान्याचे सांडपाणी उतरते, अशी वस्तीची लेखी तक्रार होती. बैठकीला कारखान्याची दोन माणसे आली आणि त्यांनी तोडगा मांडला. घरटी शेवग्याच्या बियांची पूड फुकट वाटू, या बिया पाण्यातले जड धातू ओढून घेतात, तुम्ही अर्ज मागे घ्या. एकाने काचेच्या बरणीत गढूळ पाणी घेतले, पूड टाकली, ढवळले. बैठक संपेपर्यंत गाळ तळाशी बसला आणि वर पाणी नितळ झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर आम्हीही वाजवल्या.

तेवढ्यात मागे बसलेली एक आजी उठली. म्हणाली, "वकीलसाहेब, जयभीम. बरणीतलं पाणी साफ झालं, ते दिसलं. पण आमच्या बोअरचं पाणी गढूळ कधी होतं? ते तर आधीपासून नितळच हाय."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून थोडा अभ्यास केला. तो समाजबांधवांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे, कारण असा तोडगा उद्या दुसऱ्या वस्तीतही मांडला जाईल.

शेवग्याला खोटे पाडण्याचा आमचा हेतू नाही. सुदानमध्ये नाईलचे गढूळ पाणी बायका पिढ्यान्‌पिढ्या शेवग्याच्या बियांनी निवळतात. सामिया अल अझहरिया जान या जर्मन संशोधक महिलेने ही रीत शास्त्रीय कसोटीवर तपासली आणि जगापुढे आणली. आपल्याकडेही निवळीची बी उगाळून पाणी निवळण्याची रीत जुनी आहे. शेवग्याच्या बीमधील प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, मातीच्या बारीक कणांवर ऋण. दोन्ही एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटी करते तेच काम बी करते. गाळाबरोबर बरेचसे जंतूही खाली जातात. हे विज्ञान आहे, चमत्कार नाही.

आता जड धातूंचे पाहू. शिसे, कॅडमियम, क्रोमियम पाण्यात विरघळलेले असतात. त्यांना वास नाही, गढूळपणा नाही. बियांच्या पुडीला हे धातू चिकटतात, हेही प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. आग्र्याच्या दयालबाग एज्युकेशनल इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २००६ साली शेवग्याच्या सोललेल्या बियांची पूड वापरून पाण्यातले सुमारे ८५ टक्के कॅडमियम काढून दाखविले. काम मोलाचे आहे. पण ८५ टक्के हा आकडा ऐकून टाळी वाजविण्याआधी हिशेब करू या.

त्या प्रयोगात एक लिटर पाण्यात २५ मिलिग्रॅम या प्रमाणात कॅडमियम होते. ८५ टक्के गेले तरी पावणेचार मिलिग्रॅमच्या आसपास उरतेच. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे उरलेले विष मर्यादेच्या बाराशे पटींहून अधिक! प्रयोगासाठी प्रमाण मुद्दाम जास्त घेतले जाते, विहिरीत ते पुष्कळ कमी असेल, हे मान्य. पण मग तुमच्या बोअरमध्ये कोणता धातू आहे, किती आहे, पाण्याची आम्लता किती आहे, हे मोजल्याशिवाय बी किती उपयोगी पडेल हे कोण सांगणार? दुसरा हिशेब पुडीचा. प्रयोगात २०० मिलिलिटर पाण्याला ४ ग्रॅम पूड लागली. त्या प्रमाणात पंधरा लिटरच्या एका हंड्याला ३०० ग्रॅम लागेल. हजारभर बिया सोलून कुटायच्या, तेव्हा एक हंडा भरणार. आमच्या मायबहिणींनी दिवसभर हेच करायचे काय?

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. धातू नष्ट होत नाही, तो फक्त जागा बदलतो. पाण्यातून निघाला तो पुडीत गेला. तो गाळ कुठे टाकणार? परसात टाकला तर कोंबड्या टिपतील, पावसात भिजून तो पुन्हा जमिनीत उतरेल. पाणी उकळूनही धातू जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. शिवाय बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात उरत असल्याने असे पाणी साठवून ठेवले की लवकर खराब होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पुराच्या गढूळ पाण्यासाठी शेवग्याचे बी वापरा, पाणी नितळ झाल्यावर उकळून प्या. पण विषारी सांडपाण्यावर बियांचा प्रयोग करायचाच असेल तर तो कारखान्याच्या कुंपणाच्या आत, जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावा आणि त्याच्या गाळाची विल्हेवाटही कारखान्यानेच लावावी. बी कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी जावे, आमच्या चुलीशी नव्हे.

कायदाही हेच सांगतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ ओढ्यात वा विहिरीत विषारी द्रव्य सोडण्यास मनाई करते. प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार प्रकरणात १९९१ साली म्हटले. १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांनी पालार नदीचे खोरे नासविल्याचा प्रश्न होता. त्या जिल्ह्याचे नाव तेव्हा उत्तर अर्काट आंबेडकर असे होते. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयाने त्या निकालात या देशाचा कायदा म्हणून मान्य केले. मग पाणी साफ करण्याचे काम पीडिताच्या गळ्यात कसे काय?

१९२७ साली महाडला आमच्या स्पर्शाने चवदार तळे बाटले म्हणून १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. तेव्हा चांगल्या पाण्याला अशुद्ध ठरविले गेले. आज विषारी पाण्याला शुद्ध ठरविले जात आहे. दोन्ही वेळा पाणी मोजण्याची तसदी कोणी घेतली नाही. बाबासाहेबांनी त्या तळ्याचा दावा दहा वर्षे लढविला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात सवर्णांना त्यांची 'अनादी रूढी' सिद्ध करता आली नाही आणि निकाल आपल्या बाजूने लागला. हक्क पुराव्यावर टिकतो, हा त्यातला धडा आहे.

तेव्हा बांधवांनो, आधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेला 'जड धातू' असे स्पष्ट लिहून द्या, नाही तर नेहमीच्या चाचण्या करून कागद हाती येईल. अहवाल मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार आहे. अहवालात दोष निघाला तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो, हे विसरू नका. आणि तोवर प्यायला दुसरे पाणी द्या, अशी मागणी त्याच अर्जात करा.

त्या वस्तीने अर्ज मागे घेतला नाही. आजीच्या प्रश्नाने ते काम केले. शेवगा दारात जरूर लावा, शेंगा खा, पाल्याची भाजी खा. पण कोणी त्याच्या मूठभर बिया देऊन तुमची सही मागू लागला, तर सही करू नका.