पित्ताशयाची अर्बुदे
पित्ताशयाची अर्बुदे : यकृताखालील पित्ताशयाच्या भित्तीत होणाऱ्या गाठी. मारक गाठींपैकी सु. ९०% ग्रंथिल ऊतकाच्या असतात; शल्ककोशिकीय व तंत्रिका-अंतःस्रावी प्रकार अत्यंत विरळा. प्रारंभीची लक्षणे पित्तखड्यांसारखीच असल्याने गाठीचा पत्ता पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर, काढलेल्या पित्ताशयाच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणातच लागतो. ते न तपासता टाकून देणे म्हणूनच धोक्याचे. ग्रामीण भागात ही सोय क्वचितच जवळ असते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९८४) ती आहे. गाठ श्लेष्मकलेपुरती असल्यास पित्ताशय काढणे पुरते. स्नायुस्तरात शिरली असल्यास लगतचा यकृतभाग व लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात. शस्त्रक्रियेत पित्ताशय फुटल्यास मारक कोशिका (पेशी) उदरपोकळीत पसरण्याचा संभव असतो.