व्यावसायिक खो-खो आणि धाराशिव जिल्हा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील एक जिल्हा असून भारतीय खो-खो संघाला, विशेषतः महिला संघाला, खेळाडू पुरवणारा जिल्हा म्हणून तो ओळखला जातो. २०२२ साली 'अल्टिमेट खो-खो' ही फ्रँचायझी लीग सुरू झाल्यावर आणि २०२५ साली नवी दिल्ली येथे पहिला विश्वचषक खेळला गेल्यावर हा पारंपरिक मैदानी खेळ व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात आला. मात्र खेळाडूच्या, त्यातही महिला खेळाडूच्या, उदरनिर्वाहाचा मुख्य आधार अजूनही लीगचे मानधन नसून शासकीय नोकरी आणि शासकीय पारितोषिक हाच आहे. या खेळाच्या व्यावसायिकीकरणातील बहुतेक वादविषय याच मुद्द्याशी निगडित आहेत.

भौगोलिक व क्रीडाविषयक पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे आठ तालुके आहेत. कळंब हे तालुक्याचे ठिकाण मांजरा नदीच्या खोऱ्यात, बीड जिल्ह्याच्या सीमेजवळ वसले आहे. (यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे वेगळे गाव आहे.) सीमेपलीकडे बीड जिल्ह्याचा केज तालुका लागतो. हा सगळा पट्टा अवर्षणप्रवण असून येथील बहुसंख्य कुटुंबे शेती व शेतमजुरीवर अवलंबून आहेत. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचा समावेश आहे.

अशा भागात खो-खो रुजण्यामागे खेळाचे स्वरूप हेही एक कारण आहे. या खेळाला चेंडू, बॅट किंवा महागडी साधने लागत नाहीत. सपाट जमीन, आखणीसाठी चुना आणि दोन खांब एवढ्यावर मैदान तयार होते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांनाही संघ उभा करता येतो. कळंबसारख्या तालुक्यातील खेळाडूचा मार्ग सामान्यतः शालेय स्पर्धांमधून जातो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असे टप्पे पार केल्यावर राष्ट्रीय शालेय स्पर्धा येते. याला समांतर अशी दुसरी वाट जिल्हा व राज्य खो-खो संघटनांच्या किशोर, कुमार आणि खुल्या गटातील अजिंक्यपद स्पर्धांची असते.

खेळाचे स्वरूप व नियमांतील बदल

खो-खोच्या आधुनिक नियमांची बांधणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात झाली. त्यात डेक्कन जिमखान्याचा वाटा मोठा होता. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे, तर महिलांची १९६०-६१ मध्ये कोल्हापूर येथे झाली.

पारंपरिक प्रकारात संघात १२ खेळाडू असतात व त्यांपैकी ९ मैदानात उतरतात. आक्रमक संघाचे ८ गडी मधल्या पाटीवरील चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. संरक्षक संघाचे गडी तिघांच्या तुकडीने मैदानात येतात. प्रत्येक डाव ९ मिनिटांचा असतो व गडी बाद केल्यावर एक गुण मिळतो. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, तसेच एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय बदलता येत नाही. या दोन बंधनांमुळे वेगाइतकेच 'खो' देण्याच्या अचूक क्षणाला महत्त्व येते.

लीगसाठी नियमांत दूरचित्रवाणीच्या दृष्टीने फेरफार करण्यात आले. डाव ७ मिनिटांचा झाला, मैदानाची लांबी कमी करण्यात आली आणि खेळ मातीवरून मॅटवर आला. 'वजीर' ही नवी भूमिका निर्माण झाली. वजिराला दिशेचे बंधन नसते. संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक टिकल्यास तिला 'ड्रीम रन'चे गुण मिळू लागले. पूर्वी केवळ आक्रमक संघाच्या खात्यात जमा होणारे गुण आता चांगल्या संरक्षणालाही मिळू लागले, हा डावपेचांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल होय.

या बदलांचा एक परिणाम ग्रामीण खेळाडूंवर झाला. गावातील सराव मातीवर आणि बहुधा अनवाणी होतो, तर वरच्या स्तरावरील सामने मॅटवर, बूट घालून खेळले जातात. खांबाजवळचे वळण, सूर मारताना शरीराचे घसरणे आणि पायाची पकड या गोष्टी दोन्ही पृष्ठभागांवर वेगळ्या असतात. ज्या शाळेत किंवा क्रीडा मंडळात मॅट नाही, तेथील खेळाडूला निवड चाचणीपूर्वी हा फरक आत्मसात करण्यास फारसा अवधी मिळत नाही.

अल्टिमेट खो-खो

अल्टिमेट खो-खो ही लीग भारतीय खो-खो महासंघाच्या सहकार्याने उद्योजक अमित बर्मन यांच्या पुढाकारातून सुरू झाली. पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. त्यात चेन्नई क्विक गन्स, गुजरात जायंट्स, मुंबई खिलाडीज, ओडिशा जगरनॉट्स, राजस्थान वॉरियर्स आणि तेलुगू योद्धाज हे सहा संघ सहभागी झाले. अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ अशी एका गुणाने मात केली. दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात कटक येथे झाला व त्यात गुजरात जायंट्स विजेता ठरला.

पहिल्या हंगामात खेळाडूंची निवड खुल्या लिलावाने न होता गटवार झाली. सर्वोच्च गटातील खेळाडूचे मानधन ५ लाख रुपये होते. खो-खोच्या इतिहासात खेळाडूला थेट खेळण्यासाठी मिळालेली ही मोठी रक्कम असली, तरी ती एका हंगामापुरती होती. दोन हंगामांमध्ये सुमारे सव्वा वर्षाचे अंतर पडल्याने लीगच्या मानधनाला नियमित वार्षिक उत्पन्नाचे स्वरूप आले नाही.

प्रमुख खेळाडू

सारिका काळे : धाराशिवच्या सारिका काळे या भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार आहेत. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात त्या होत्या. त्याच वर्षी इंदूर येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही त्यांची कामगिरी लक्षणीय ठरली. बालपणी घरच्या गरिबीमुळे अनेक वर्षे दिवसातून एकाच वेळचे जेवण मिळत असे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. आर्थिक अडचणींमुळे २०१६ मध्ये त्यांनी खेळ सोडण्याचा विचार केला होता. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा सन्मान २२ वर्षांच्या खंडानंतर मिळाला. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून कार्यरत होत्या.

प्रियंका इंगळे : कळंबला लागून असलेल्या केज तालुक्यातील कळमअंबा हे प्रियंका इंगळे यांचे मूळ गाव. त्यांची खेळाडू म्हणून जडणघडण पिंपरी-चिंचवड परिसरात झाली. २०२५ च्या पहिल्या विश्वचषकात त्यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले.

अश्विनी शिंदे : धाराशिवच्या अश्विनी शिंदे या विश्वविजेत्या भारतीय महिला संघाच्या सदस्य आहेत.

प्रतीक वाईकर : पुण्याचे प्रतीक वाईकर यांनी लीगमध्ये तेलुगू योद्धाजचे आणि विश्वचषकात भारतीय पुरुष संघाचे कर्णधारपद भूषवले.

विश्वचषक २०२५

पहिला खो-खो विश्वचषक १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीतील इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये झाला. त्यात पुरुषांचे २० व महिलांचे १९ संघ सहभागी झाले. दोन्ही अंतिम सामने भारत व नेपाळ यांच्यात झाले. भारतीय महिलांनी ७८-४०, तर पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळवला.

प्रमुख प्रश्न

महिलांच्या लीगचा अभाव : अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या दोन्ही हंगामांत महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा नव्हती. धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते, कारण जिल्ह्याची राष्ट्रीय पातळीवरील ओळख प्रामुख्याने महिला खेळाडूंमुळे निर्माण झाली आहे. समान दर्जाची आंतरराष्ट्रीय कामगिरी करूनही त्यांना लीगच्या उत्पन्नात वाटा मिळाला नाही. क्रिकेटमध्ये महिला प्रीमियर लीग २०२३ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधना यांना बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख रुपयांना घेतले. कबड्डीत मात्र पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ पासून चालू असताना २०१६ मधील महिलांची छोटी स्पर्धा पुढे टिकली नाही. त्यामुळे महिलांची लीग उभी राहणे हे केवळ खेळाडूंच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते. प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि संघमालकांची दीर्घकालीन तयारी यांवरही ते अवलंबून असते.

खेळाखेळांतील उत्पन्नाची तफावत : ही तफावत एकाच जिल्ह्यात दिसून येते. तुळजापूरचे वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर हे २०२२ साली १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जने त्यांना लिलावात १ कोटी ५० लाख रुपयांना घेतले. म्हणजे एका नवोदित क्रिकेटपटूची एका हंगामाची किंमत खो-खो लीगच्या सर्वोच्च मानधनाच्या ३० पट होती. मात्र लिलावाधारित उत्पन्नही स्थिर नसते. नोव्हेंबर २०२४ मधील लिलावात लखनौच्या संघाने हंगरगेकर यांना ३० लाख रुपयांना घेतले.

नोकरी व क्रीडा आरक्षण : महाराष्ट्रात शासकीय सेवेत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. भारतीय रेल्वे, भारतीय विमानतळ प्राधिकरण आदी संस्थाही खो-खोपटूंना नोकरीत घेतात. ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने मुलीने खेळत राहण्याचे हे सर्वांत ठोस कारण असते. याच कारणाने क्रीडा प्रमाणपत्राला मोठे मूल्य आले. बनावट प्रमाणपत्रांचे प्रकार उघडकीस आल्याने नियुक्तीपूर्वी प्रमाणपत्र पडताळणी आवश्यक करण्यात आली. या पडताळणीस विलंब झाल्यास खऱ्या खेळाडूचीही संधी हुकण्याची शक्यता असते.

राज्याराज्यांतील पारितोषिकांचा फरक : विश्वचषकानंतर महाराष्ट्र शासनाने राज्यातील विजेत्या खेळाडूंसाठी प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपयांचे पारितोषिक आणि शासकीय नोकरी जाहीर केली. कर्नाटक शासनाने आपल्या दोन खेळाडूंसाठी, म्हणजे एम. के. गौतम व चैत्रा बी. यांच्यासाठी, प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. महाराष्ट्राचा दाखला देत दोघांनीही ती रक्कम स्वीकारण्यास नकार दिला. एकाच संघातून एकच विश्वचषक जिंकलेल्या खेळाडूंच्या वाट्याला येणारी रक्कम त्यांच्या राज्यावर ठरते, हे या प्रसंगातून स्पष्ट झाले. मोठे पारितोषिक ही धाराशिव-बीडसारख्या भागातील खेळाडूसाठी आयुष्य पालटणारी बाब असली, तरी ती मोजक्या विजेत्यांनाच आणि स्पर्धा जिंकल्यानंतर मिळते. राष्ट्रीय स्तरावर खेळूनही भारतीय संघात स्थान न मिळालेल्या खेळाडूला तिचा लाभ होत नाही.

आंतरराष्ट्रीय मान्यता : दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा समावेश झाला असला, तरी आशियाई क्रीडा स्पर्धा आणि ऑलिंपिकमध्ये तो अद्याप पदकाचा खेळ नाही. कबड्डीला १९९० पासून आशियाई स्पर्धेत स्थान आहे. या दोन स्पर्धांमधील पदकांना शासकीय क्रीडा धोरणात मोठे वजन असल्याने हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा राहत नाही. प्रशिक्षण निधी, शिष्यवृत्ती व नोकरीतील दर्जा यांवरही त्याचा परिणाम होतो.

तालुका पातळीवरील परिणाम

व्यावसायिकीकरणामुळे खो-खोला प्रेक्षक, ओळख आणि काही प्रमाणात पैसा मिळाला. कळंबसारख्या तालुक्यातील मुलांना आपल्याच भागातील खेळाडू दूरचित्रवाणीवर दिसू लागले. शालेय स्पर्धेपासून राष्ट्रीय संघापर्यंतची वाट मात्र पूर्वीप्रमाणेच शाळेचे मैदान, शारीरिक शिक्षण शिक्षक आणि जिल्हा संघटना यांच्यावर उभी आहे. या पहिल्या पायरीवर खर्च होणारा वेळ व पैसा लीगच्या हिशेबात येत नाही. मुलांच्या बाबतीत या वाटेच्या शेवटी लीगमधील एखादा हंगाम असू शकतो. मुलींच्या बाबतीत स्वतंत्र लीग उभी राहीपर्यंत तेथे प्रामुख्याने नोकरीचा अर्जच असतो.