इसब आणि अनुवंश

लहान मुलाच्या कोपराच्या किंवा गुडघ्यामागील लवणींत लालसर, खाज सुटणारा चट्टा दिसला, कीं घरांत दोन प्रश्न हटकून निघतात: हा रोग लागट आहे काय, आणि तो कोणाच्या घराण्यांतून आला? पहिल्या प्रश्नापायीं मुलाचें ताट व पंचा निराळे होतात. दुसऱ्यापायीं बहुधा आईच्या माहेराकडे बोट जातें. आणि मुलगी लग्नाची असली, तर चट्टा बाहीखालीं झांकला जातो. हातकणंगल्याच्या पेठेंत काय किंवा पुण्यामुंबईंत काय, हा अनुभव सारखाच आहे. या प्रश्नांना शास्त्रानें आतां बरींच निश्चित उत्तरें दिलीं आहेत.

पहिलें उत्तर सोपें आहे. इसब लागट नाहीं. गजकर्ण बुरशीनें होतें व तें लागट आहे. दोहोंचा चट्टा पुष्कळदां सारखा दिसतो, म्हणून घोटाळा होतो. दुकानांतून परस्पर आणलेलीं मिश्र मलमें त्यांत भर घालतात. त्यांतील स्टेरॉइड इसबाला तात्पुरता आराम देतें, गजकर्णाला मात्र पसरण्यास वाव देतें. यास्तव चट्टा कशाचा, हें आधीं डॉक्टरांनीं ठरविलें पाहिजे.

दुसरें उत्तर जरा खोल आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. या विटा चपट्या व घट्ट करणारें, आणि पुढें स्वतः विघटन पावून त्वचेंत ओलावा धरून ठेवणारें एक प्रथिन आहे; त्याचें नांव फिलॅग्रिन. तें कसें घडवावें याचा मजकूर १ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकांत असतो. या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक आईकडून, एक बापाकडून. २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे आयर्विन मॅक्लीन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं या मजकुरांत मध्येंच खंड पडला म्हणजे फिलॅग्रिन अपुरें पडतें आणि इसबाचा संभव पुष्कळ वाढतो. भिंतीला भेगा पडल्यावर आंतील पाणी उडून जातें, बाहेरील धूळ, साबण व जंतु आंत शिरतात, आणि शरीराचें संरक्षक दळ खवळतें. हाच दाह. दोन्ही प्रती सदोष असल्यास त्वचा खवल्यांसारखी कोरडी होते व तळहातावरील रेषा अधिक खोल दिसतात. ज्योतिष्याला त्यांत भाग्य दिसो. डॉक्टराला जनुकाची खूण दिसते.

युरोपीय लोकांत दर १० माणसांमागें सुमारें एकाजवळ अशी सदोष प्रत असते. चीन व जपान येथें याच जनुकांतील निराळे दोष आढळले आहेत. परंतु अशी प्रत बाळगणाऱ्या बहुतेकांना इसब होत नाहीं. उलट, पुष्कळ रोग्यांत हें जनुक निर्दोष असून दाहाचें नियमन करणारीं इतर जनुकें गुंतलेलीं असतात. एकरूप जुळ्यांपैकीं एकाला इसब असल्यास दुसऱ्याला तो असण्याचा संभव ४ त ३ च्या आसपास, तर भिन्नरूप जुळ्यांत ४ त १ च्या आसपास असतो. जनुकें तंतोतंत सारखीं असूनही कांहीं जुळीं सुटतात, याचा अर्थ स्पष्ट आहे. अनुवंशानें रोग येत नसून रोगाकडे कल येतो. पुढचें काम परिस्थिति करिते.

परिस्थितीचें बळ महाराष्ट्रानें पाहिलें आहे. गाजर गवत पुण्यांत १९५५ च्या सुमारास नजरेस आलें. १९७० नंतर तेथें त्याच्या संपर्कानें होणाऱ्या त्वचादाहाचे अनेक रोगी दिसूं लागले. हा दाह बालपणच्या इसबाहून निराळ्या जातीचा. पण धडा तोच. लोकांचीं जनुकें बदललीं नव्हतीं, गवत नवें आलें होतें. हातकणंगले तालुक्यांत हुपरीचें चांदीकाम आणि इचलकरंजीची रंगाई चालते. ज्याची त्वचा जन्मतः नाजूक, त्याच्या हातांना अशा धंद्यांतील रसायनें अधिक जाचतात. तरुणानें धंदा निवडतांना हें ध्यानीं घ्यावें.

जनुक आज बदलतां येत नसलें, तरी भिंत लिंपतां येते. कोमट पाण्यानें थोडक्यांत स्नान, सौम्य साबण, आणि अंग ओलसर असतांनाच लावलेलें साधें व्हॅसलीन, ही नित्याची लिंपणी होय. दाह वाढल्यास डॉक्टरांनीं सांगितलेलें मलम सांगितलेल्या मुदतीपुरतें वापरावें. तीव्र इसबासाठीं दाहाचे दोन संदेश अडविणारें ड्युपिलुमॅब हें टोंचण्याचें औषध २०१७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

सदोष प्रत आईकडून येण्याचा संभव जितका, तितकाच बापाकडूनही. एकाच घराण्यास दोष देण्यास आधार नाहीं. बालपणींचा इसब पुष्कळांच्या बाबतींत वयाबरोबर ओसरतो. तो लपविल्यानें उपचारास उशीर होतो, आणि त्या उशिराची किंमत मुलालाच द्यावी लागते.