घाट उतरताना आरएक्स 100 का पकडते?

मागच्या भागानंतर शहापूर-मुरबाडकडच्या पोरांचे बरेच व्हॉइस मेसेज आले. प्रश्न एकच: "दादा, आरएक्स घेतलीय, पण इंजिन टिकत नाही." म्हणून आजचा भाग त्यावरच.

आधी माझी चूक सांगतो. माळशेजवरून मुरबाडकडे उतरत होतो. पूर्ण घाट थ्रॉटल बंद, गाडी गिअरवर. खाली टोकावड्याच्या बाजूला सरळ रस्ता लागला आणि मी एकदम कान पिळला. इंजिनचा आवाज बसला आणि मागचं चाक जागेवर जाम! क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला. गुडघा फुटला. पिस्टनवर उभे ओरखडे. बोअर आणि नवीन पिस्टनचा खर्च वेगळाच.

असं का झालं? यामाहा आरएक्स 100 आपल्याकडे 1985 ते 1996 बनली. 98 सीसी, 11 बीएचपी आणि वजन साधारण 100 किलो. म्हणून ती अशी उडते. पण इंजिन टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये खाली ऑइल भरलेलं असतं, तेच फिरत राहतं. इथे पिस्टनला ऑइल मिळतं ते आत येणाऱ्या पेट्रोल-हवेबरोबर, आणि जळून जातं. कंपनीचा ऑटोल्युब पंपही थ्रॉटलच्या केबलला जोडलेला. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल कमी, ऑइल कमी, पण पिस्टन मात्र जोरात पळतोय. पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असाल, तर अजून वाईट.

म्हणून माळशेज असो की कसारा, उतरताना थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून हलकासा थ्रॉटल द्या. न्यूट्रलवर मात्र उतरू नका. दोन्ही ड्रम ब्रेक आहेत, तापले की धरत नाहीत. एक बोट कायम क्लचवर ठेवा. इंजिन अचानक जड वाटलं की आधी क्लच, मग बाकीचा विचार.

दुसरं कारण, बाहेरची हवा. तीस वर्षांत क्रँकची ऑइल सील कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की इंजिन जास्तीची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. ओळखायचं कसं? थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल कमी होतं आणि मागे धुरळा. सील स्वस्त असतात, इंजिन नाही.

तिसरं, आजचं पेट्रोल. 20 टक्के इथेनॉल म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्याकडचा पाऊस तर माहितीच आहे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. जुने रबरी पाइप बदला. मेन जेट एक नंबर मोठा लागेल का, ते मेकॅनिकला विचारा.

हे सगळं बरोबर चाललंय का, ते प्लग सांगतो. लांब फेरी मारून आलात की प्लग खोला. कॉफीचा रंग म्हणजे छान. पांढरा म्हणजे थांबा, हवा-पेट्रोल तपासा. काळा ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त.

आणि डिसेंबरच्या सकाळी किक मारल्या मारल्या पळवू नका. पिस्टन पटकन फुगतो, सिलिंडर अजून थंडच असतो. बर्फावरच्या जुन्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइल याच कारणाने पकडतात. दोन मिनिटं गरम होऊ द्या.

नवीन सायलेन्सर, मोठा कार्बोरेटर नंतर बघू. आधी सील, जेट, ऑइल. या रविवारी प्लग खोला आणि रंग कोणता निघाला ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा. भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला!